२१ दिवसांत संपलेल्या सिलिंडरबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही मराठीत झापलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. नायजेरियातल्या लागोसमध्ये एवढं तरी सुख! तुमचं म्हणणं असं: पुण्यात सिलिंडर महिनाभर जायचा, इथे इकेजा भागातल्या आमच्या गॅसच्या दुकानात भरलेला २१ दिवसांत संपला, एक किलो जास्त भरायला आमचा पोरगा तयार झाला नाही, आणि भाव सारखा बदलतो.

पुण्याचा सिलिंडर १४.२ किलोचा, तुमचा इथला १२.५ चा. तिकडे महिना पुरणारा गॅस त्याच स्वयंपाकाला इथे २६ दिवस पुरायला हवा. पाच दिवस कमी पडले. त्यातले पावणेतीन आमच्या चुकीचे. तुम्ही टाकलेल्या फोटोत सिलिंडरच्या कड्यावर रिकामं वजन १४.८ किलो स्पष्ट दिसतंय. आमच्या वहीत १३.५ आहे, कारण पोराने कडं न वाचता सिलिंडरवर कुणीतरी खडूने लिहून ठेवलेला आकडा धरला. म्हणजे सिलिंडरचंच १.३ किलो वजन गॅस म्हणून मोजलं गेलं आणि तुम्हाला तेवढा गॅस कमी मिळाला. तो फुकट भरून देतो. काट्याचा आकडाही आता गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावलाय; आधीच लावायला हवा होता.

उरलेल्या दोन दिवसांचं कोडं मला सुटलेलं नाही. एकदा रेग्युलेटर आणि नळीला साबणाचा फेस लावून बघा. बुडबुडे आले तर लगेच बंद करा आणि मला कळवा.

जास्तीच्या किलोबद्दल मात्र पोराची बाजू घेतो. आतला द्रव गॅस उन्हात फुगतो, म्हणून वर मोकळी जागा ठेवावीच लागते. इथल्या उन्हात तर नक्कीच.

भाव माझ्या हातात फारसा नाही. भारतात कंपन्या बहुधा एक तारखेला दर जाहीर करतात, इथे तसं नाही. बॉनी बेटावरच्या कारखान्यातून २००७ पासून देशात गॅस मिळतो, पण काही गॅस आयातीचाही असतो, आणि सगळ्या हिशोबाला डॉलर चिकटलेला. जून २०२३ मध्ये नायरा, म्हणजे इथलं चलन, बाजारभावावर मोकळा सोडला तेव्हापासून पाटीवरचा आकडा पुसून पुसून पाटीच झिजली. जहाज उशिरा आलं की आम्हीही महाग घेतो.

रविवारी दुपारी काट्यावर मी स्वतः असतो. सिलिंडर घेऊन या, फक्त गाडीत आडवा टाकून आणू नका.