दोन स्टारच्या रिव्ह्यूला क्लासकडून उत्तर: सर्टिफिकेट, परीक्षा फी आणि नोकरीबद्दल

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला आमच्याकडं नेटवर्किंगच्या (कॉम्प्युटर एकमेकांना जोडायच्या कामाच्या) कोर्सला टाकलं, कोर्स पूर्ण झाला, क्लासचं सर्टिफिकेट घेऊन तो पुण्याला इंटरव्ह्यूला गेला तर तिथं ते कुणी हातात पण घेतलं नाही, आता क्लासवाले म्हणायलेत सीसीएनएची (सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीची) परीक्षा वेगळी द्या आणि तिची फी वेगळी भरा, सर्टिफिकेट सरकारमान्य नाही, नोकरीची गॅरंटी नाही, आणि हेच सगळं मोबाईलवर फुकट मिळतं, म्हणून पैसे वापस करा. सोयाबीनच्या पैशातून भावाची फी भरलेल्या माणसाचा राग मला समजतो, म्हणून "धन्यवाद, ऑफिसला संपर्क करा" असं दोन ओळीत लिहून सोडत नाही. लोहा, कंधार, मुखेड, हदगावहून जी लेकरं नांदेडला येतात त्यांच्या घरी पण हेच प्रश्न असतात, त्यांना पण वाचता येईल.

आधी सर्टिफिकेटचं बोलू. आमचा कागद एवढंच सांगतो की या मुलाने इथं बसून कोर्स पूर्ण केला आणि आमची टेस्ट दिली. त्याच्यापेक्षा जास्त काही तो सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर कुठल्याच क्लासचा, कुठल्याच ॲपचा कोर्स संपल्याचा कागद त्याच्यापेक्षा जास्त सांगत नाही. ड्रायव्हिंग स्कूल गाडी शिकवतं, लायसन आरटीओ देतं, तसंच हे आहे. सीसीएनए हे सिस्को कंपनीचं सर्टिफिकेशन, परीक्षा पण त्यांचीच, ती पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर जाऊन द्यायची नाहीतर घरून कॅमेऱ्यासमोर बसून. सध्याच्या पेपरचा नंबर २००-३०१, वेळ १२० मिनिटं, २०२० पासून एकच पेपर. पास झालं की सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं, नंतर रिन्यू करावं लागतं. पास झालेल्याला एक डिजिटल बॅज मिळतो, त्याची लिंक रेझ्युमेत टाकली की एचआरवाले तिथल्या तिथं उघडून बघतात की हा माणूस खरंच पास आहे का. पुण्यात आमचा कागद बाजूला ठेवला असेल तर त्याचं कारण हेच, तो तपासायचा कुठं हे त्यांना माहितच नाही, मग त्यांनी सरळ प्रश्न विचारायला सुरुवात केली असणार, आणि ते त्यांचं बरोबरच आहे.

परीक्षेची फी ३०० डॉलर आणि वर टॅक्स, म्हणजे रुपयात २५ हजाराच्या वरच जातं. ही रक्कम खेड्यातल्या घराला लहान नाही, मला माहित आहे. पण त्यातला एक रुपया माझ्याकडं येत नाही, मुलगा स्वतःच्या लॉगिनवरून स्वतःच्या नावाने बुक करतो आणि पैसे तिकडंच जातात. नापास झालं तर पुन्हा पूर्ण फी, म्हणूनच आम्ही कोर्स संपल्या संपल्या कुणाला परीक्षेला ढकलत नाही. आणि हे पण सांगतो की सीसीएनए द्यायला कुठला क्लास लावलाच पाहिजे अशी सिस्कोची अट नाही, डिग्रीची पण नाही. हे ॲडमिशनच्या दिवशी तोंडी सांगितलं जातं आणि फॉर्मवर मराठीत छापलेलं आहे, परीक्षा फी वेगळी आहे हे पण त्याच पानावर आहे, तुमच्याकडं कॉपी असेल तर एकदा बघा.

आता फुकटचं. हो, मिळतं, आणि चांगलं मिळतं, मी स्वतः पोरांना सांगतो. एनपीटेल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे लेक्चर फुकट बघता येतात, सर्टिफिकेट पाहिजे असेल तर साधारण १००० रुपये फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची. केंद्र सरकारचं स्वयम नावाचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट डाउनलोड होतं, त्यात राउटर, स्विच अशी नेटवर्क जोडायची यंत्रं सगळी कॉम्प्युटरवरच जोडून प्रॅक्टिस करता येते. ज्याचं इंग्रजी बरं आहे, घरी लॅपटॉप आहे आणि रोज दोन तास कुणी न सांगता बसायची सवय आहे त्याने माझ्याकडं फी भरूच नये, असं मी किती तरी जणांना समोर बसवून सांगितलंय. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठी मीडियमने आलेलं लेकरू, हातात फक्त मोबाईल, ते व्हिडिओ बघतं, बघताना सगळं समजतं, आणि कुणी विचारलं की १९२.१६८.१०.० या नेटवर्कला स्लॅश २६ लावलं, म्हणजे त्याचा ६४ पत्त्यांचा तुकडा केला, तर त्यात किती मशीन बसतील, तर गप्प होतं. उत्तर ६२ आहे, पण ६४ मधून २ का वजा केले (एक पत्ता नेटवर्कचा स्वतःचा, एक सगळ्यांना एकदम निरोप पाठवायचा) हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता आलं पाहिजे, कारण इंटरव्ह्यूत तेच विचारतात. आम्ही फी घेतो ती याची, खरे राउटर आणि स्विच हाताळायला मिळतात, चूक कुठं झाली ते शेजारी उभं राहून कुणी तरी दाखवतं, आणि मराठीत समजलेलं शेवटी इंग्रजीत बोलून घेतलं जातं. व्हिडिओ विकायची फी आम्ही घेत नाही.

सरकारमान्य या शब्दावर मात्र जरा थांबतो, कारण याच्यातच आपल्या भागातली जास्त घरं फसायलीत. बोर्डावर आयएसओ ९००१ लिहिलेलं असतं, लोकांना वाटतं कोर्स मान्यताप्राप्त आहे. आयएसओ ९००१ हे त्या संस्थेच्या कामाच्या पद्धतीचं असतं, कोर्सला किंवा मुलाच्या कागदाला त्याने मान्यता मिळत नाही. उद्यम रजिस्ट्रेशन पण तसंच, तो धंद्याच्या नोंदणीचा कागद आहे, किराणा दुकानाला पण मिळतो. स्किलच्या कोर्सला खरी सरकारी चौकट पाहिजे असेल तर एनएसक्यूएफची (कौशल्याच्या कोर्सच्या पातळ्या ठरवणारी सरकारी चौकट) लेव्हल आणि एनसीव्हीईटीने (असे कोर्स आणि संस्था मान्य करणारी केंद्राची परिषद) मान्य केलेली संस्था आहे का हे विचारा, नुसता लोगो बघू नका. डिग्री म्हणत असतील तर ती यूजीसीच्या कायद्यानुसार विद्यापीठ किंवा कायद्याने तो अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते, क्लास नाही. आणि भावाचं मन सरकारी नोकरीकडं असेल तर रस्ताच वेगळा आहे. तिथं जाहिरातीत काय मागितलंय ते वाचायचं, लिपिकाच्या जागेला बहुतेक वेळा एमएससीआयटी किंवा त्याच्या बरोबरीचं काही, शिवाय टायपिंग, मराठी ३० नाहीतर इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, आणि टायपिंगची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तिथं सीसीएनएचा काही उपयोग नाही. उलटं पण तितकंच खरं, पुण्याच्या आयटी कंपनीत एमएससीआयटीवर नेटवर्किंगची नोकरी लागत नाही. सीसीएनए सरकारमान्य नाही म्हणून कमी, असं नाही, ते ज्या लोकांसाठी आहे ते लोक त्याला ओळखतात.

गॅरंटीबद्दल माझं मत पक्कं आहे. मी नोकरीची गॅरंटी लिहून देत नाही आणि देणार पण नाही, कारण नोकरी देणारा मी नाही. शंभर टक्के प्लेसमेंट लिहिणाऱ्यांचा ॲग्रीमेंटचा कागद नीट वाचा, आत लिहिलेलं असतं इतकी हजेरी पाहिजे, इतके मार्क पाहिजेत, कुठल्याही गावाला कुठल्याही पगारावर जायची तयारी पाहिजे, आणि एका अटीत चुकलं की गॅरंटी गेली. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे फी हप्त्याने आहे असं सांगून मुलाच्या नाहीतर बापाच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज काढून घेतात, क्लास मधेच बंद पडला तरी ईएमआय चालूच राहतो आणि वसुलीचे फोन घरी येतात. अशी रडवेली माणसं माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून गेलीत. म्हणून आमच्याकडं हप्ते आहेत पण ते सरळ आमच्याकडं, मधे कुणाचं कर्ज नाही.

तुमच्या भावाची हजेरी किती होती, टेस्टला किती पडले, हे मी इथं चारचौघात लिहिणार नाही, ते त्याचं आहे. तुम्ही दोघं या, रजिस्टर समोर ठेवतो. पूर्ण झालेल्या कोर्सची फी वापस होत नाही, पावतीच्या मागं तसं आहे आणि सगळ्यांना तोच नियम आहे. पण ज्याने कोर्स केला त्याला परीक्षा होईपर्यंत लॅब आणि रिव्हिजन बॅच बिनापैशाची खुली आहे, त्याला सांगा की उद्यापासून आला तरी चालेल. सबनेटिंग (नेटवर्कचे तुकडे करणं), व्हीएलएएन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क करणं) आणि राउटिंग (डेटा कुठल्या रस्त्याने जाईल ते ठरवणं) एवढं पुन्हा हातातून गेलं आणि आम्ही सरावाचे मॉक इंटरव्ह्यू घेतले की मग ठरवू परीक्षेला पैसे घालायचे का आधी डेस्कटॉप सपोर्टच्या नाहीतर नेटवर्क मॉनिटरिंगच्या जागेला अर्ज करायचे. पहिला पगार चालू झाल्यावर परीक्षा दिली तर घरावर भार येत नाही, बऱ्याच पोरांनी तसंच केलंय.

आणि टेलिग्रामवर डम्प विकणारे असतात, परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे देतो म्हणतात. त्या नादी त्याला लागू देऊ नका. सिस्कोला कळलं तर सर्टिफिकेट रद्द होतं आणि पुढची परीक्षा द्यायला बंदी येऊ शकते, आणि नाही कळलं तरी पहिल्याच इंटरव्ह्यूत उघडं पडतं.

येताना ॲडमिशन फॉर्मची कॉपी आणि पुण्याच्या इंटरव्ह्यूत काय काय विचारलं होतं ते त्याला आठवेल तेवढं कागदावर लिहून आणायला सांगा. मी सकाळी ११ ते १ ऑफिसलाच असतो, रविवारी पण.