पेटंटच्या आकड्यांत न बसणारं संशोधन

नागपुरातल्या संशोधनाचं मोल पेटंटच्या संख्येवर मोजणारा लेख वाचला; त्यातलं 'मानव्यशाखांच्या (इतिहास, भाषा, कला अशा विषयांच्या) संशोधनातून हाती काही लागत नाही' हे वाक्य मला अजिबात पटलं नाही, आणि नागपूरच्या संदर्भात तर मुळीच नाही. काटोल रोडने निघालं की जुनापाणीची शिलावर्तुळं, म्हणजे मोठे दगड गोलाकार मांडलेली प्राचीन दफनस्थळं, लागतात. अशाच वर्तुळांचं नागपूरजवळच्या माहुरझरीतलं उत्खनन १९७०च्या सुमारास डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे केलं. मृतांसोबत पुरलेले घोडे, त्यांचे तांब्याचे अलंकार, लोखंडी हत्यारं, सगळं तिथे निघालं. आता ते लोखंड कसं घडवलं हे सांगायला धातुशास्त्र लागतं, हाडं ओळखायला प्राणिशास्त्र, मण्यांचा दगड ओळखायला भूशास्त्र. मग हे काम 'कला'च्या रकान्यात टाकायचं की 'विज्ञाना'च्या? इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांचे ताम्रपट वाचले, वि. भि. कोलत्यांनी महानुभाव पंथाच्या पोथ्यांवर आयुष्य वेचलं. त्यांचं पेटंट कोण घेणार होतं?

एलआयटीच्या (नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेच्या) कामाबद्दल लेखात जे लिहिलंय ते योग्यच आहे. पण माझ्या मोठ्या बहिणीने झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) दंडार या लोकनाट्यावर पीएचडी केली, तेव्हा ती धान कापणी झाल्यावर गावोगाव फिरून म्हाताऱ्या कलावंतांची गाणी रेकॉर्ड करायची. त्यातले बरेच जण आज नाहीत. काही गाणी आता फक्त तिच्या कॅसेटमध्येच उरली आहेत, आणि त्या कॅसेट नीट जपून ठेवायला निधी मिळत नाही. लेखकांनी पुढच्या भागात याबद्दल जरूर लिहावं.