चंद्राच्या नावाने ऑपरेशन पुढे ढकलू नका

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग भिशीच्या, आणि शेवटी माझ्या मावशीच्या फोनवर तो मेसेज आलाच. त्यात म्हटलंय की 22 डिसेंबर 2032 ला एक लघुग्रह आदळून चंद्राचे तुकडे होणार, चोवीस तासांत पृथ्वी कलंडणार, दिवस सहा तासांचा होणार, समुद्र सह्याद्री ओलांडून पुण्यात शिरणार आणि पृथ्वी सूर्यापासून सुटणार. शेवटी आरोग्याचा सल्ला: माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी असतं, त्यालाही भरती येते, म्हणून पौर्णिमेच्या आसपास ऑपरेशन करू नका, रक्त थांबत नाही. मावशी कोथरूडला एकटी राहते. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी होती. तिने ती कुणाला न विचारता रद्द केली. एका डोळ्याने तिला आता जिन्याची पायरीही नीट दिसत नाही.

म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो. बाकीच्या थापांनी फार तर झोप उडेल, याने माणूस पडेल.

भरती येते ती नुसतं पाणी आहे म्हणून नाही. पृथ्वीची जी बाजू चंद्राकडे असते तिला चंद्राची ओढ जरा जास्त बसते, पलीकडच्या बाजूला जरा कमी. हा फरक पृथ्वीच्या 12,742 किलोमीटर व्यासावर पडतो, म्हणून महासागर हलतो. माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंतचं अंतर दीड-पावणेदोन मीटर. तेवढ्यात चंद्राच्या ओढीत पडणारा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 35 लाख कोटींव्या हिश्श्याइतका भरतो. चंद्राचं वस्तुमान आणि 3,84,400 किलोमीटर हे अंतर घेऊन बारावीचा कुठलाही विद्यार्थी हे गणित मांडू शकतो. ते नको असेल तर खडकवासल्याला जा. कित्येक किलोमीटर लांबीचा तो जलाशय, पौर्णिमेला त्याचं पाणी काठावर चढलेलं कुणी पाहिलंय का? तिथे जे दिसत नाही ते डोळ्यातल्या थेंबभर पाण्यात होणार कसं?

शिवाय पौर्णिमेला चंद्र जवळ येतो असंही नाही. तो जवळ-लांब होतो त्याचं चक्र वेगळं, कलांचं वेगळं. अष्टमीलाही चंद्र जवळपास तेवढ्याच जोराने ओढतो. पौर्णिमेला आणि अमावस्येला फक्त सूर्याची ओढ त्याच रेषेत येते, आणि त्यामुळे समुद्राला उधाण येतं. ऑपरेशनची तारीख डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठरवायची. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करायच्या गोळ्या, याबद्दल त्यांना सांगा. तिथीबद्दल सांगायचं काही कारण नाही.

आता पृथ्वी कलंडण्याबद्दल. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, आणि ते मान्य करावंच लागतं. झाक लास्कार या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह 1993 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात दाखवलं की पृथ्वीच्या अक्षाचा कल आज जो 23.4 अंश आहे, तो फारसा न हलण्यामागे चंद्र आहे. चंद्र नसता तर हा कल शून्यापासून 85 अंशांपर्यंत बेभरवशाने बदलू शकला असता. ऋतूंचं काही खरं राहिलं नसतं. पुढे 2012 मध्ये दुसऱ्या एका गटाने दीर्घकाळाची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावरची आकडेमोड, केली, त्यात हे डोलणं बरंच आटोक्यात निघालं. पण दोन्ही अभ्यास बोलतात ते लाखो-कोट्यवधी वर्षांबद्दल. एवढं प्रचंड वजन स्वतःभोवती फिरतंय, ते एका दिवसात आडवं होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने कुठूनतरी हे उचललं आणि वर्षं काढून तिथे तास घातले. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण खऱ्या संशोधनाच्या आधाराने खोटं बोललं की ते शिकलेल्या माणसालाही पटतं.

सहा तासांच्या दिवसाचंही तेच. चंद्र नवा आणि जवळ होता तेव्हा पृथ्वीचा दिवस साधारण तेवढा लहान असावा. भरती-ओहोटीच्या घर्षणाने तो लांबत गेला, अजूनही शतकाला जेमतेम दोन मिलिसेकंदांनी लांबतोय. चंद्र गेला तर हा ब्रेक सैल पडेल, दिवस चोवीस तासांचाच राहील.

समुद्राबद्दल काय बोलायचं? पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटर उंच आहे. चंद्र नसेल तर भरती वाढणार नाही, कमी होईल. उरेल ती फक्त सूर्याची, म्हणजे आजच्या उधाणाच्या जेमतेम एक तृतीयांश. उधाण (मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हा भेद राहणार नाही, भरती रोज साधारण त्याच वेळेला येईल. तिथी पाहून खाडीत जाळं टाकणाऱ्या कोकणातल्या माणसाचं सगळं गणित बदलेल. चंद्रप्रकाशाच्या तालावर अंडी सोडणारी प्रवाळंही गोंधळतील. हे नुकसान खरं आहे, पण मेसेजमध्ये त्याचा शब्दही नाही.

आणि पृथ्वी सूर्यापासून सुटणार नाही. तिला सूर्य धरून आहे, चंद्र नव्हे.

राहिला लघुग्रह. 2024 वायआर4 नावाचा लघुग्रह खरा आहे. तो साधारण 60 मीटरचा. पृथ्वीला त्याचा धोका नाही हे 2025 च्या फेब्रुवारीतच स्पष्ट झालं होतं. चंद्रावर आदळण्याची शक्यता त्या वर्षीच्या गणितात सुमारे 4 टक्के होती. पण आदळला तरी विवर पडेल एखाद्या किलोमीटरचं. चंद्र कायमचा विखुरायचा तर सूर्यातून सगळ्या दिशांना बाहेर पडणारी पाच मिनिटांची संपूर्ण ऊर्जा त्याच्यावर ओतावी लागेल. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे 2,500 किलोमीटर रुंदीचं एक खोरं आहे, अब्जावधी वर्षांपूर्वीच्या एका धडकेने पडलेलं. त्या धडकेनेही चंद्र फुटला नाही.