टॅरिफवालं ते फॉरवर्ड चुकीचंय
अमेरिकेतली दक्षिणेची राज्यं १८६०-६१ मध्ये टॅरिफमुळे, म्हणजे आयात मालावरच्या करामुळे, देशातून फुटून निघाली, गुलामगिरीचा संबंधच नव्हता असं एक फॉरवर्ड फिरतंय. अहो, कारण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की! मिसिसिपीच्या १८६१ च्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्ण जोडलेली आहे, आणि डिसेंबर १८६० मध्ये सगळ्यात आधी बाहेर पडलेल्या साउथ कॅरोलायनाची तक्रार काय, तर उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, म्हणजे दक्षिणेच्या बाजूने ज्यांचा दाखला देतात ते 'राज्यांचे हक्क' उत्तरेने वापरलेले यांना चालत नव्हते. टॅरिफ म्हणाल तर १८५७ मध्ये उलट कमी झालेला, आणि तो वाढवणाऱ्या मॉरिल कायद्यावर मार्च १८६१ मध्ये सही झाली तोवर सात राज्यं निघूनही गेली होती.