शेडकार्ड आणि शेवाळं

बेळगावात घराला रंग द्यायचा म्हटलं की वर्षातले चार महिने आधीच वजा करायचे. जूनमध्ये पाऊस एकदा खानापूरच्या जंगलातून वर चढून आला की गणपती पोचवल्याशिवाय परत जात नाही. तेवढ्या काळात आमच्या टिळकवाडीतल्या कंपाउंडच्या भिंती आधी हिरव्या आणि मग काळ्या होऊन जातात. हा रंग कुठल्याही शेडकार्डात सापडणार नाही. त्याला पैसे पडत नाहीत, मेस्त्री लागत नाही, दोन हात द्यावे लागत नाहीत आणि ताराचा ब्रश मारून घासून काढला तरी पुढच्या आषाढात न बोलावता हजर! 'वेदरप्रूफ' म्हणून जे काही जाहिरातीत सांगतात, ते मी आजवर फक्त शेवाळ्याच्या बाबतीत खरं झालेलं पाहिलंय.

अशा गावातली माझी लेक पुण्याला इंटिरियर डिझाइन शिकायला गेली. पहिल्या सेमिस्टरपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिचे फोटो यायला लागले. तिचे नव्हेत, भिंतींचे.

"बाबा, दर सीझनला घराचा लुक बदलायचा असतो."

मी म्हटलं, बदलतो की आपला. तिला पटेना. तिने पाठवलेल्या 'मान्सून डेकोर'मध्ये पांढरे झुळझुळीत पडदे, वेताच्या टोपल्या, सुगंधी मेणबत्त्या आणि खिडकीशी एक कप, असा ऐवज होता. आमचा मान्सून डेकोर म्हणजे खिडकीच्या गजापासून देवघराच्या खिळ्यापर्यंत ताणलेली नायलॉनची दोरी, तिच्यावर चार दिवस वाळत असलेले टॉवेल, दारात पाय पुसायला गोणपाट, आणि सुगंधासाठी कपाटात डांबरगोळ्या. उन्हाळ्यातला डेकोर मात्र मी छाती पुढे काढून दाखवतो. गच्चीवर जुन्या साडीवर पांढऱ्याशुभ्र साबुदाण्याच्या पापड्या आणि शेजारी पसरलेली ब्याडगी मिरची. असा कॉन्ट्रास्ट पुण्यातल्या कुठल्या कॉलेजात शिकवतात ते सांगा. हिवाळ्यात आम्ही काही बदलत नाही, फक्त स्वेटर बाहेर काढतो.

पण गेल्या वर्षी घराला रंग द्यायचाच होता, कारण हॉलच्या उत्तरेकडच्या भिंतीला लोणा लागून तिचे पोपडे सोफ्यावर पडायला लागले होते. पाहुणे उठून गेले की त्यांच्या पाठीवर आमची भिंत जायची. तेव्हा लेकीने सूत्रं हाती घेतली.

अमेरिकेत पॅन्टोन नावाची एक कंपनी आहे. ती 2000 सालापासून दर वर्षाला एक रंग नेमून देते. 2024 ला पीच फझ होता, 2025 ला मोका मूस. 2021 ला त्यांनी करडा आणि पिवळा असे दोन रंग एकदम जाहीर केले होते. त्यांच्यातही एकमत झालं नसावं. आमच्या घरात तर ते कुठल्याच वर्षी होत नाही. तर लेकीचं म्हणणं, बाकी घर काहीही करा, पण हॉलची एक भिंत मोका मूसच पाहिजे. तिला 'ॲक्सेंट वॉल' म्हणायचं. मी फोन आईच्या हातात दिला. आईने चष्मा वर केला, खाली केला, स्क्रीनवरून बोट फिरवून रंग निघतो का तेही बघितलं.

"ही तर मिश्री हाय की," आई म्हणाली. "दाताला लावायची ती भित्तीला कशाला लावुलाय?"

आईचं मत चुन्याचं. तिच्या लहानपणी वडगावच्या घरी दिवाळीआधी पिंपात चुन्याचे खडे टाकून पाणी ओतायचे. पाणी आपोआप उकळायला लागायचं, तेव्हा पोरांना तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. मग गाळून त्यात डिंकाचं पाणी, चिमूटभर नीळ, आणि कुंचा घेऊन घरातली झाडून सगळी माणसं भिंतीला. खाली गेरूचा पट्टा. "दर वर्षी नवं घर," आई म्हणते. "मी सांगतो ऐक, चुन्याला खर्च न्हाई, नखरा न्हाई." (आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, 'मी सांगतो', 'मी येतो'. लेकीच्या पुण्याच्या मैत्रिणींना आजी फोनवर बोलल्या की आजोबाच बोलताहेत असं वाटायचं.)

गणपत गल्लीच्या बाजूला रंगाच्या दुकानात गेलो. तिथे एक यंत्र असतं. पांढऱ्या बेसचा डबा खाली ठेवायचा, कॉम्प्युटरवर नंबर दाबायचा, की वरून रंगाचे थेंब मोजून पडतात. शेडकार्ड उघडलं तर ते संपेचना. माझ्या बायकोला ऑफव्हाइटमधले तेरा चौकोन वेगवेगळे दिसले. मला एकच दिसला, पण तो मी तेरा वेळा लक्षपूर्वक पाहिला. आईने सोबत पिशवीतून आपली एक जुनी शहापुरी साडी आणली होती. तिच्या काठातला चिंतामणी रंग तिला देवघराला हवा होता.

"नंबर सांगा," दुकानातला पोरगा म्हणाला.

"चिंतामणी," आई म्हणाली.

त्याने बिचाऱ्याने कॉम्प्युटरवर शोधला. नव्हता. सरकारी मानकांच्या यादीत, त्या आयएस 5 मध्ये, फिरोजी नावाचा रंग आहे, तेवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी तो सुचवला. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे दुकानात तोंड उघडलं नाही.

तिथे चौकोनात फिका वाटलेला रंग घरी भिंतीवर गेला की गडद होतो, याचं कारण मला नंतर मेस्त्रींनी सांगितलं. चार भिंती एकमेकींवर आपला रंग टाकत बसतात, आणि तोच रंग दिवसा वेगळा, पांढऱ्या ट्यूबखाली वेगळा, पिवळ्या बल्बखाली आणखी वेगळा. म्हणून आधी भिंतीवर हातभर तुकडा रंगवून दोन दिवस बघायचा. हे त्यांनी सांगितलं तेव्हा वीस लिटरची बादली घरी आली होती.

पण आतल्या भिंती म्हणजे खेळ हो. खरा प्रश्न बाहेरच्या भिंतीचा.

बायको सहज म्हणाली, बाहेर फिका पिवळा देऊ आणि खाली लाल पट्टा, छान उठून दिसेल. समोरचे काका तेवढ्यात पेपर परत द्यायला आले होते. ते उंबऱ्यातच थबकले.

"पिवळा आणि लाल?" आवाज खाली आणून ते म्हणाले. "एक नोव्हेंबर तोंडावर आलाय. ठाऊक हाय न्हवं?"

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. लाल-पिवळा हा कन्नड ध्वज. 1956 साली 1 नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवशी गावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे मराठी माणूस काळा दिन पाळतो. त्यामुळे लाल-पिवळं घर म्हणजे आम्ही वीट-सिमेंटमध्ये जाहीरनामा काढल्यासारखं झालं असतं. बरं, मग केशरी? केशरी दिला की दुसऱ्या बाजूचा जाहीरनामा. हिरव्याला आणि निळ्यालाही आपापले धनी आहेत. काळी ग्रिल हल्ली फॅशनमध्ये आहे म्हणतात, पण ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंगवली तर काळ्याचाही अर्थ निघतो. एकेक रंग वजा करत गेलं की हातात उरतं ते क्रीम. क्रीम रंगाचं नागरिकत्व कुणी तपासत नाही. सीमेचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाली निघेपर्यंत आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत क्रीम राहणार, असं धरून चालायला हरकत नाही.

गंमत म्हणजे शेजारच्या अक्का. घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, आणि भाजीवाल्याशी दोन्ही एकदम. त्यांना झेंडूचा केशरी फार आवडतो. त्यांच्या मुलाने त्यांना तो बाहेर देऊ दिला नाही. आम्ही पिवळा सोडून क्रीमवर आलो, त्या केशरी सोडून क्रीमवर आल्या, आणि आता कंपाउंडच्या दोन्ही बाजूंनी एकाच नंबरचा क्रीम आहे. "छलो आगेद री," म्हणजे छान झालंय, असं त्या आमची भिंत बघून म्हणाल्या, आणि आपल्या भिंतीकडे बघून उसासा सोडला.

मेस्त्रींचं आगमन हा वेगळा अध्याय. आधी माप. मी म्हणालो, दारं-खिडक्या वजा करा. ते म्हणाले, "खिडकी वजा करा सायब, पण तिच्या चार कडा काढायला भिंतीपेक्षा जास्त वेळ जातोय वो. कडा काय फुकट?" तासभर टेप ताणून आणि वादून खिडक्या अर्ध्या धरायच्या ठरल्या. त्यानंतर मेस्त्री 'उद्या येतो' म्हणून गेले. फोन केला की मराठीत 'उद्या येतो की', आणि आमच्या घरी अक्का बसलेल्या असल्या तर त्यांना कन्नडमध्ये 'नाळी बर्तीन्री'. कर्नाटकात काही ठिकाणी भुताला चकवायला दारावर 'नाळे बा' लिहून ठेवायचे, म्हणजे भूत ते वाचून उद्या यायचं ठरवून परत जाई. आमच्या दारावर काही लिहिलेलं नव्हतं. तरी मेस्त्री परत जात होते.

आले तेव्हा दसरा होऊन गेला होता. त्यांनी पहिल्यांदा त्या उत्तरेकडच्या भिंतीवर तळहात टेकला आणि डोळे मिटले. मग पत्र्याने एक पोपडा उचलला. तळहाताएवढा तुकडा निघाला, आणि त्याच्या कडेला आमच्या घराचा सगळा संसार थराथराने दिसत होता. वर माझ्या काळातला क्रीम. त्याच्याखाली आमच्या लग्नाच्या वेळचा गुलाबी, जो बायकोने माझ्या बहिणीच्या हट्टाखातर सहन केला होता. त्याखाली पोपटी डिस्टेंपर. तो काळच असा होता की पोपटी नसलेलं घर सापडायचं नाही. आणि सगळ्यांच्या तळाशी निळसर पांढरा चुना. पत्रा तिथे थांबला. मेस्त्रींनी जोर लावला, पालथा करून खरवडला.

"चुना काय निघंना वो सायब."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त पदर खोचून परत आत गेली. मी सांगतो, भाषण परवडलं असतं.

मेस्त्रींचं निदान असं की भिंत आतून ओली आहे. चुना पाण्याची वाफ बाहेर सोडतो. वर चढवलेल्या प्लास्टिक रंगाचा पापुद्रा ती कोंडून धरतो, मग पाणी आतले क्षार घेऊन पृष्ठभागाशी येतं, भिंतीवर पांढरं पीठ फुटतं आणि रंग फुगून सुटतो. तेव्हा आधी ओल कुठून येते ते बघा, बाहेरची भेग बुजवा, भिंत वाळू द्या, मग लांबी (म्हणजे पुट्टी), मग प्रायमर, मग रंग. सगळं पटलं. फक्त भिंत वाळत होती त्या अवधीत मेस्त्री दुसरीकडची तीन घरं रंगवायला गेले, हे पटायला जड गेलं.

तोवर आमचा संसार हॉलच्या मधोमध चादरीखाली होता. सोफ्यावर कपाट, कपाटावर मिक्सर, मिक्सरवर गणपतीचं मखर. टीव्हीचं तोंड भिंतीकडे. तरी आई संध्याकाळी सात वाजता त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून मालिका ऐकत बसायची. माझ्या ऑफिसच्या फाइलवर प्रायमरचे थेंब पडले, साहेबांनी विचारलं, मी 'घरचं काम' एवढंच म्हणालो, आणि त्यांनी लगेच समजून खुर्ची पुढे केली. त्यांच्याकडेही मेस्त्री येऊन गेले होते.

दिवाळीला लेक आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मोका मूस भिंतीला दुसरा हात बसला. खोटं कशाला बोलू, संध्याकाळी पणत्यांच्या उजेडात भिंत देखणी दिसत होती. आईसुद्धा तिच्याकडे पाठ न करता बसली. लेकीने फोटो काढले. फोटोत दोरीवरचे टॉवेल येऊ नयेत म्हणून मला ती दोरी वर धरून उभं राहावं लागलं.

मग डिसेंबर उजाडला आणि पॅन्टोनने 2026 चा रंग सांगितला. क्लाउड डान्सर. म्हणजे पांढरा. लेकीचा फोन आला, "बाबा, आता सगळीकडे व्हाइट चाललंय." स्पीकर चालू होता.

"नीळ घालतात काय त्यात?" आतून आवाज आला.

आमच्याकडे आता अर्धी बादली मोका मूस उरला होता. यंत्राने एकदा रंग मिसळला की दुकानदार डबा परत घेत नाही, आणि माळ्यावर ठेवला तर तो तिथेच आटून दगड होतो. म्हणून मी रविवारी सकाळी ब्रश घेऊन निघालो. आधी कुंड्या. मग स्टूल. मग मीटरची पेटी, पाण्याच्या टाकीचं झाकण, आणि शेवटी फाटक. अक्का कंपाउंडवरून बराच वेळ बघत होत्या. "स्वल्प उळिद्र कोडरी," त्या म्हणाल्या. उरला असेल तर थोडा द्या. उरला होताच. दुपारपर्यंत त्यांचंही फाटक झालं.

सोमवारी ऑफिसला निघालो तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याने हात करून थांबवलं. त्याने आमचं फाटक पाहिलं, अक्कांचं पाहिलं, आणि पुढे वाकून हळूच विचारलं,

"सायब, ही नवी पार्टी कुठली वो?"