तीन इंच, काळं पातं आणि मामांचा फॉरवर्ड

फॅमिली ग्रुपवर मामांनी परत तोच मेसेज टाकला, "घडीचा चाकू बाळगणाऱ्यांनो सावधान", आणि खाली मला टॅग. माझ्याकडं असले अकरा चाकू आहेत हे त्यांना माहितीय. मेसेजचं म्हणणं असं, की पातं तीन इंचांवर गेलं की देशात कुठंही थेट जेल, हे चाकू बनतातच मारामारीसाठी, काळं पडलेलं पातं विषारी, गंजकं पातं लागलं की धनुर्वात, आणि लॉक नसलेला चाकू बोट घेऊनच मिटतो. मामा, मान ठेवूनच बोलतो, पण एकेक बघू की.

तीन इंचांचा आकडा हवेतला नाहीये, तेवढं मान्य. तो दिल्ली प्रशासनाच्या १९८० च्या अधिसूचनेतला, ७.६२ सेंमी म्हणजे बरोबर तीन इंच, पण ती दिल्लीपुरती, आणि त्यात नावं आहेत बटणदार, गरारीदार, स्प्रिंगनं उघडणाऱ्या चाकूंची, म्हणजे उघडताना कर्रर्र करणारा रामपुरी वगैरे. फॉरवर्डवाल्यानं दिल्ली गाळली आणि अख्खा देश घातला. देशभराचे आर्म्स रूल्स २०१६ चे, त्यात माप आहे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं, आणि त्यातनंही घरकामाची, शेतीची अवजारं वगळलीत. माझ्या आठ नंबरच्या ओपिनेलचं, म्हणजे घडीच्या फ्रेंच चाकूचं, पातं साडेआठ सेंमी, साडेतीन इंचही नाही हो.

खरी मेख वेगळीच आहे आणि ती मेसेजमध्ये नाहीच. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७. त्याखाली आयुक्तांनी बंदी आदेश काढला की चाकूच काय, लाठीकाठी घेऊन फिरायलाही मनाई, तिथं पात्याची लांबी कुणी मोजत बसत नाही. म्हणून आदेश असो नसो, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत, मिरवणुकीत माझा चाकू घरीच राहतो. विमानातही हातातल्या बॅगेत चालत नाही, खाली टाकायच्या सामानात द्यावा लागतो. एवढं लिहिलं असतं तर मीच फॉरवर्ड केला असता.

मारामारीसाठी बनतात म्हणे. ओपिनेल १८९० च्या सुमारास फ्रान्सच्या साव्हुआ भागात निघाला, शेतकऱ्यांच्या खिशासाठी, ब्रेड-चीज कापायला. जपानचा हिगोनोकामी शाळेतली पोरं पेन्सिली तासायला वापरायची. आणि स्विस आर्मी, ज्याच्या नावातच आर्मी म्हणून मामा घाबरतात, त्या १८९१ च्या चाकूत पातं, डबा फोडायचं अवजार, भोक पाडायचा टोच्या आणि बंदूक खोलायचा स्क्रू ड्रायव्हर, बस. लढायला बंदूक होती की त्यांच्याकडं. आपल्याकडं आजोबांच्या चंचीत अडकित्ता असायचा, तोही धारेचाच, त्याला कुणी हत्यार म्हणलं का?

आता काळं पातं, यावर मी जरा जास्तच बोलणार. जुन्या पद्धतीचे चाकू कार्बन स्टीलचे, त्यांना लोखंडासारखाच रंग चढतो. फळातलं आम्ल आणि टॅनिन लोखंडाला भिडलं की निळसर-काळा थर बसतो. कैरी चिरल्यावर आईच्या विळीचं काय होतं? वांगं चिरल्यावर? त्या विळीवर चिरलेलं खाऊनच आपण सगळे वाढलो. आणि डाळिंब तर सगळ्यात पुढं, सालीत टॅनिन खच्चून भरलेलं, पूर्वी याच सालीत लोखंड घालून काळा रंग करायचे. सांगोल्याच्या बागेत गुटी कलम बांधताना मामा स्वतः चाकूनं फांदीची साल गोल काढतात, त्या चाकूचं पातं कधी पांढरं बघितलंय का? हा थर विष नाही, उलट तांबड्या गंजाला थोडा अडवतो. हां, नवीन पात्यानं लिंबू कापलं तर लोखंडाची चव लागते, तेवढं खरंय. कापून झालं की पुसायचं, कोरडं करायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, सांध्यात चिकट होऊन बसतं. आणि हौसेनं चामड्याच्या कव्हरात वर्षभर कोंडून ठेवू नका, चामडं ओल धरतं, माझा एक चांगला चाकू तसाच डागाळला, सोलापूरच्या एवढ्या कोरड्या हवेत!

तांबडा गंज मात्र घासून काढायचाच. पण धनुर्वात गंजानं होत नाही, तो जंतूनं होतो, आणि जंतू मातीत, शेणात. गोठ्यातला चकचकीत खिळा घुसला तरी धोका तोच. जखम खोल असली तर चाकू नवा का जुना हे बघू नका, दवाखान्यात जा, इंजेक्शनचं विचारा.

राहिलं लॉक. बिनलॉकच्या चाकूत पाठीची स्प्रिंग पातं ताणून धरते, उलटा जोर दिला की ते मिटतं. म्हणून टोकानं खुपसायचं नाही, धारेनं कापायचं, आणि मिटताना बोटं खाचेतनं बाहेर. लॉक हवंच असेल तर ओपिनेलला १९५५ पासून फिरवायची कडी आहे, लहान पोरांसमोर मी ती लावूनच ठेवतो. गंमत म्हणजे मामा ज्याला घाबरतात त्या रामपुरीला खटका, म्हणजे लॉक, असतोच.

आणि मामा, हुरड्याला पेरू कापायला नेलेला माझा आठ नंबर अजून तुमच्याकडंच आहे. मंगळवारी बाजाराला याल तेव्हा घेऊन या, कडी लावून.