आगरातल्या पंपाच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माड-पोफळींचं शिपणं मुंबईतून कसं करतो, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, 'डायनॅमिक डीएनएस लावून पोर्ट उघडायला सांगणं म्हणजे चोराला घर दाखवणं. २०१६ साली मिराईने हेच केलं. त्यापेक्षा कंपनीचं अ‍ॅप बरं.'

पोर्टबद्दल, म्हणजे इंटरनेटवरून घरात शिरायच्या राऊटरवरच्या दाराबद्दल, तुमचं बरोबर आहे. होम असिस्टंटचं (घरातली उपकरणं चालवणारा प्रोग्रॅम) ८१२३ पोर्ट राऊटरवरून थेट बाहेर उघडा, असं मी लिहायलाच नको होतं. मी ते उघडलं तेव्हा आठवडाभरात लॉगिन फसल्याच्या सूचना यायला लागल्या, तेही भलत्याच पत्त्यांवरून. त्याच रात्री ते बंद केलं. लेखातला तो भाग आज काढलाय.

मिराई या उपकरणं ताब्यात घेणाऱ्या मालवेअरचं मात्र तसं नाही. कॅमेरे आणि राऊटर यांचे कारखान्यातले पासवर्ड कुणी बदलले नव्हते, म्हणून ते आत शिरलं. डायनॅमिक डीएनएस करतं ते एवढंच : दापोलीत लाइट जाऊन आली, राऊटरला नवा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळाला, की तो आपण घेतलेल्या नावापुढे नोंदवायचा. नाव नसलं तरी उघडं पोर्ट सापडतंच, कारण सगळे आयपी ओळीने चाचपणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात.

म्हणून आता बाहेरून एकच वाट ठेवलीय, वायरगार्ड या व्हीपीएनची, म्हणजे घरापर्यंतच्या कुलूपबंद बोगद्याची (टनेल), यूडीपी ५१८२० या पोर्टवर. योग्य किल्ली नसेल तर ते उत्तरच देत नाही. चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. एक अडचण येते. माझ्या फोनवर टनेल सुरू करतानाच नावावरून आयपी शोधला जातो. मध्येच लाइट गेली तर फोन जुन्याच आयपीवर धडका देत बसतो. टनेल बंद करून पुन्हा चालू केलं की जोडणी होते.

कंपनीचं अ‍ॅप बरं, हे मात्र मला अजिबात पटत नाही. गेल्या मे महिन्यात विहीर तळाला गेली होती. अ‍ॅपवरून पंप लावला आणि नेमका त्यांचा सर्व्हर बंद पडला. इथे मी बटण दाबतोय, चक्र नुसतं फिरतंय. शेवटी आई काठी टेकत विहिरीवर गेली आणि तिने स्टार्टरचं लाल बटण दाबलं. पाटात तोवर पाण्याचा थेंब नव्हता, पंप कोरडा चालला होता. आता चाळीस मिनिटांनी पंप बंद करायचा नियम घरातल्याच रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आहे. इंटरनेट असो-नसो, पंप थांबतो.

एक गोष्ट लेखात राहूनच गेली होती. गावाकडच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही. राऊटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानचा दिसला, तर तो अनेक घरांत वाटलेला आहे. तिथे डायनॅमिक डीएनएसने काही साधत नाही. स्टॅटिक (न बदलणारा) आयपी विकत घ्या, नाहीतर टेलस्केल ही व्हीपीएन सेवा वापरा. त्यात दोन्ही टोकं आतून बाहेर जोडतात, पोर्ट उघडावंच लागत नाही.

तुमच्या राऊटरवर काय दिसतं, त्याचे पहिले दोन आकडे तेवढे कळवा, पूर्ण आयपी इथे लिहू नका. त्यावरून तुमच्याकडे काय चालेल ते सांगतो.